बर्फ वितळत असताना थर्मामीटर का हलत नाही? उष्णतेचे प्रयोग वर्गात कसे घ्यायचे

उष्णता आणि पदार्थाच्या अवस्था हा धडा बहुतेक वेळा फळ्यावरच संपतो. तीन चौकोन काढायचे, पहिल्यात ठिपके दाटीवाटीने, दुसऱ्यात जरा सुटे, तिसऱ्यात लांब लांब, खाली स्थायू, द्रव, वायू लिहायचं की झालं. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितातही, पण त्याच मुलांना विचारून बघा की उकळत्या पाण्याखालची आच मोठी केली तर पाणी अजून गरम होईल का, बहुतेक जण बिनधास्त हो म्हणतात. उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं हे त्यांनी वाचलेलं असतं पण डोळ्यांनी बघितलेलं नसतं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या धड्यात बाकी काही जमलं नाही तरी चालेल पण हे एक दाखवाच. खालचे सगळे प्रयोग मी त्याच क्रमाने घेते.

आधी सामान. उणे १० ते ११० अंशांचा लाल रंगाचा अल्कोहोलवाला थर्मामीटर, शक्यतो प्रत्येक गटाला एक. ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२ अंशांच्या पुढे जातच नाही. पाऱ्याचा जुना थर्मामीटर कपाटात असेल तर तो तिथेच राहू दे, फुटला तर पारा गोळा करणं आणि त्याची वाफ नाकात जाणं हा धोका मुलांच्या हातात द्यायचाच नाही. बाकी बीकर, स्टँड, तिपाई, जाळी, बर्नर किंवा स्पिरिटचा दिवा, काचकांडी, घड्याळ आणि भरपूर बर्फ. डोळ्यांवर गॉगल, केस बांधलेले, ओढणी आत खोचलेली. आणि मुलांना पहिल्याच दिवशी एक सांगून ठेवा की गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, त्यामुळे टेबलावरची कुठलीही काच गरम आहे असं धरूनच हात लावायचा, म्हणजे आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची.

आणखी एक काम लोक करत नाहीत. सगळे थर्मामीटर एकदम एका मोठ्या भांड्यात बारीक बर्फ आणि थोडं पाणी घालून त्यात बुडवा, दोन-तीन मिनिटं ढवळा आणि प्रत्येकाचं रीडिंग वाचा. एक ० दाखवेल, एक १, एखादा उणे १. ज्याची जेवढी चूक तेवढी चिकटपट्टीवर लिहून त्याच थर्मामीटरला लावून टाका, पुढचे सगळे वाद वाचतात.

पहिला प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि तो सुरुवातीलाच घ्या. एक जाड अॅल्युमिनियमची प्लेट आणि तेवढाच लाकडी पाट, दोन्ही आदल्या दिवसापासून वर्गातच ठेवलेले. मुलांना हात लावायला सांगा, गार कोण? सगळे प्लेट म्हणणार. मग विचारा, दोन्हींवर एकसारखा बर्फाचा खडा ठेवला तर आधी कुठला वितळेल? उत्तर हात वर करून घ्या, फळ्यावर आकडा लिहा, ही पायरी गाळू नका, कारण अंदाज आधी बोलून टाकला की पुढचं बघण्यात जीव येतो. बहुतेकांचं मत लाकडावरचा आधी वितळेल असं असतं, कारण लाकूड "गरम" आहे ना. खडे ठेवा. प्लेटवरचा खडा लगेच सरकायला लागतो, खाली पाण्याचं थारोळं, कडा गोल होत जातात, आणि लाकडावरचा मख्खासारखा तसाच बसून राहतो. मग नवीन जागी थर्मामीटर टेकवून दोन्हींचं तापमान बघा, एकच असतं. धातू हातातली उष्णता पटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो आणि तशीच ती बर्फापर्यंत पटकन पोचवतो म्हणून बर्फ वितळतो. आपला हात तापमान मोजत नाही, उष्णता किती वेगाने जाते किंवा येते ते सांगतो. हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा, तुम्ही सांगू नका.

आता मुख्य प्रयोग. याला पूर्ण दोन तासिका द्या, एका तासिकेत उरकायचा प्रयत्न केला तर शेवटचा भाग राहतो.

२५० मिलीच्या बीकरमध्ये साधारण १५० ग्रॅम बारीक फोडलेला बर्फ घ्या. फ्रीजरमधून काढून लगेच घ्यायचा, पाण्यात बसलेला नको, म्हणजे सुरुवातीचं रीडिंग शून्याच्या खाली मिळतं. बर्फ जाड कापडात गुंडाळून लाकडी दांड्याने फोडा, तुकडे हरभऱ्याएवढे झाले पाहिजेत, मोठ्या खड्यांमध्ये थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो. थर्मामीटर स्टँडला क्लॅम्पने लटकवा, त्याचा फुगा बर्फाच्या मधोमध, तळाला आणि भिंतीला न टेकता. ढवळायला काचकांडी, थर्मामीटरने ढवळायचं नाही, फुटतो. बर्नरची ज्योत बारीक ठेवा आणि एकदा लावली की पाणी उकळेपर्यंत तिला हात लावायचा नाही, कारण सगळं गणित उष्णता एकसारखी येते यावर उभं आहे. एक जण घड्याळ बघणार, एक ढवळणार, एक वाचणार, एक लिहिणार, दर अर्ध्या मिनिटाला.

तापमान शून्यापर्यंत चढतं आणि थांबतं. इथे वर्गात चुळबुळ सुरू होते. खाली ज्योत जळतेय, बर्फ वितळतोय, पाणी वाढतंय, आणि आकडा ० च्या आसपासच, एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. माझ्या वर्गात दरवेळी कोणीतरी म्हणतंच की बाई थर्मामीटर बिघडला. त्याला म्हणायचं, बाहेर काढून मुठीत धरून बघ. काढतो, चढतो, परत बर्फात घालतो, परत शून्य. तो चेहरा बघण्यासारखा असतो. मग प्रश्न टाका, ज्योत उष्णता देतेय हे नक्की, थर्मामीटर चांगला आहे हे आत्ताच बघितलं, मग ती उष्णता जाते कुठे?

उत्तर असं, ती बर्फ वितळवण्यात जाते. बर्फातले रेणू एकमेकांना धरून बसलेले असतात, ती पकड सोडवायला उष्णता लागते, आणि ती सुटेपर्यंत तापमान वाढत नाही. हिला अप्रकट उष्मा म्हणतात, अप्रकट म्हणजे न दिसणारी, थर्मामीटरला न दिसणारी. एक ग्रॅम बर्फाला वितळायला ३३४ जूल लागतात, आणि तेच एक ग्रॅम पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापवायलाही जवळपास तेवढेच. म्हणजे शून्य अंशाचा बर्फ आणि शून्य अंशाचं पाणी यांच्यात ८० अंशांचं अंतर लपलेलं आहे, फक्त ते थर्मामीटरवर नाही.

हे पहिल्यांदा नीट मोजलं जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने, ग्लासगोमध्ये, १७६१ च्या सुमाराला. एका काचपात्रात बर्फ, दुसऱ्यात जवळपास तेवढंच गार पाणी, दोन्ही एकाच खोलीत नुसती टांगून ठेवली. पाण्याला ठरलेल्या तापमानाला यायला अर्धा तास लागला आणि बर्फाला साडेदहा तास. ना बर्नर ना काही, फक्त वाट बघायची तयारी. हे मुलांना जरूर सांगा, त्यांच्या चार मिनिटांच्या कंटाळ्याला एकदम वजन येतं.

शेवटचे तुकडे तरंगत असताना ढवळणं अजिबात थांबवू नका. थांबवलं की बर्फ वर राहतो आणि तळाचं पाणी तापायला लागतं, मग रीडिंग ३, ४ असं यायला लागतं आणि ग्राफचा सपाट भाग वाकडा होतो. सगळा बर्फ संपला की मात्र आकडा सटासट चढतो. ९० च्या पुढे वेग मंदावतो, कारण पाणी जेवढं गरम तेवढी त्यातली उष्णता हवेत जास्त निसटते, आणि शेवटी ९८, ९९, १०० जे काय असेल तिथे परत थांबतं. आता ज्योत मोठी करायची परवानगी द्या. बुडबुडे जोरात, वाफ जोरात, आकडा तिथेच. सुरुवातीचा तो प्रश्न आठवतोय ना, तो इथे आपोआप सुटतो. पाच मिनिटं सपाट रीडिंग घ्या आणि बंद करा, बीकर कोरडा पडू देऊ नका, तडकतो.

उकळण्याचा सपाट भाग खरं तर किती लांब आहे हे गणिताने काढायला लावा. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० पर्यंत न्यायला साधारण ४१८ जूल, आणि तेच १०० अंशांवरचं पाणी वाफ करायला २२६० जूल, पाचपटीहून जास्त. तुमच्या बीकरला ० ते १०० ला ८ मिनिटं लागली असतील तर त्याच ज्योतीवर सगळं आटायला पाऊण तासाच्या आसपास लागेल. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट का असतो ते पण इथेच कळतं, वाफ कातडीवर पाणी होताना ते २२६० जूल तिथेच टाकते.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मुलांची रीडिंग दुरुस्त करू नका. एकदा एका मुलीने वितळताना ०, ०, १, ०, १ असं लिहिलं होतं आणि मी टेबलाशी पोचेपर्यंत तिने खोडून सगळीकडे ० केलं, उकळताना ९८ आलं होतं त्याचं १००. पुस्तकात तसं आहे म्हणून. मला फार वाईट वाटलं, कारण तिचे आधीचेच आकडे खरे होते. ९८ का आलं याला कारण असतं, शाळा उंचावर असेल तर हवेचा दाब कमी आणि पाणी लवकर उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, शिवाय थर्मामीटरची चूक असू शकते जी आपण चिकटपट्टीवर लिहूनच ठेवली आहे. खोडलेला आकडा म्हणजे हातातून गेलेला प्रश्न. म्हणून आता मी वहीत पेनानेच लिहायला लावते, आणि चुकीचं वाटलं तर शेजारी दुसरं रीडिंग लिहायचं, पहिलं खोडायचं नाही.

ग्राफ त्याच दिवशी काढून घ्या, आडवा वेळ, उभं तापमान. दोन चढ आणि दोन सपाट पट्टे. सगळ्या गटांचे ग्राफ शेजारी शेजारी लावले की कोणाची ज्योत मोठी होती ते लगेच दिसतं, त्यांचे चढ उभे आणि पट्टे आखूड, पण पट्ट्यांची उंची सगळ्यांची तीच.

याच्या जोडीला मिश्रणाचा प्रयोग घ्या, दहा मिनिटांचं काम. थर्मोकोलच्या एका कपात १०० ग्रॅम बर्फासारखं गार पाणी, दुसऱ्यात १०० ग्रॅम बर्फ, टिपकागदाने कोरडा केलेला. दोन्हींत ८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी ओता, हे शिक्षकांनीच ओतायचं. आधी अंदाज. पहिल्या कपात ४० च्या जरासं खाली येतं, ते सगळ्यांना जमतं. दुसऱ्यात बहुतेक जण ३०, ३५ म्हणतात आणि येतं शून्याच्या आसपास, कधी कधी थोडा बर्फ उरतोसुद्धा. जर २, ३ अंश आलं तर बर्फ आधीच ओला होता, म्हणजे त्यातला काही भाग पाणीच होतं. गरम पाण्याची सगळी ८० अंशांची कमाई नुसता बर्फ वितळवण्यात संपली, हे आकड्यात दिसतं.

उलटा प्रवास दाखवायला स्टिअरिक अॅसिड उत्तम, पांढरे दाणे असतात. शुद्ध असेल तर ६९ अंशांच्या आसपास वितळतं, साधं मिळणारं मिसळीचं असतं म्हणून ते बरंच खाली, अगदी ५५ च्या जवळही वितळू शकतं, घाबरू नका. परीक्षानळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवून वितळवा, थेट ज्योतीवर कधीच नको. सगळं वितळलं की नळी बाहेर काढून स्टँडला लावा आणि निवताना दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घ्या. उतरत उतरत आकडा एका जागी अडतो, नळी हवेत उष्णता टाकतेच आहे तरी. गोठताना ती लपलेली उष्णता परत बाहेर येते. बघा, भिंतीलगत पांढरं व्हायला लागतं, मग सुया आत शिरतात, मध्ये थर्मामीटरभोवती शेवटी. मेणावर हा पट्टा नीट मिळत नाही कारण मेण बऱ्याच पदार्थांचं मिश्रण असतं, ते एका ठरलेल्या तापमानाला वितळत नाही, आधी मऊ पडतं. आणि गोठलेल्यातून थर्मामीटर ओढून काढायचा नाही! माझे दोन थर्मामीटर असेच गेले. नळी परत गरम पाण्यात ठेवायची, वितळलं की आपोआप निघतो.

मेण मात्र दुसऱ्या कारणासाठी घ्याच. नळीत वितळवून काठाला खूण करा आणि गोठू द्या, मध्ये खड्डा पडतो, म्हणजे आकसलं. शेजारी तेवढंच पाणी प्लास्टिकच्या नळीत फ्रीजरला लावा, बर्फ खुणेच्या वर येतो, साधारण ९ टक्के फुगतो. काचेच्या भरलेल्या बाटलीत हे करू नका, फुटते. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो आणि मेणाचा घट्ट तुकडा वितळलेल्या मेणात बुडतो.

वाफ या शब्दाचा घोळ मिटवायला एक निरीक्षण पुरे. चंबूत पाणी उकळत ठेवा, बुचातून काचनळी बाहेर काढलेली. नळीच्या तोंडाशी नीट बघायला सांगा, अगदी तोंडाला लागून एक-दोन सेंटीमीटर काहीच दिसत नाही, आणि त्याच्या पुढे पांढरा ढग सुरू होतो. ती रिकामी वाटणारी जागा म्हणजे खरी वाफ, पाण्याचा वायू. पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब. त्या ढगाखाली मेणबत्तीची ज्योत धरली की तेवढ्या जागेतला ढग नाहीसा होतो, थेंब परत वायू झाले. गार चमचा चिमट्याने धरलात की त्यावर पाणी जमतं. नळी कधीही बंद होणार नाही याची खात्री करा, बंद भांडं तापवणं हा या सगळ्या धड्यातला सगळ्यात मोठा धोका आहे.

सिरींजचा प्रयोग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. सुई नसलेली मोठी सिरींज, तिच्यात ६०-७० अंशांचं पाणी पाव भागापर्यंत, वर करून हवा पूर्ण घालवा, टोक टोपणाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात ओढा. पाणी उकळायला लागतं, ज्योत नाही काही नाही. सोडलं की थांबतं. आत दाब कमी झाला की पाण्याला उकळायला १०० अंश लागत नाहीत. पाणी तेवढं गरम नसेल तर जमत नाही, आणि आधी हवा राहिली असेल तरी नुसती ती हवाच फुगते, त्यामुळे पहिल्यांदा फसलं तर हेच दोन तपासा. पाणी उकळून आच बंद केल्यावर बूच लावलेला चंबू उलटा करून वर बर्फ ठेवायचा, म्हणजे पाणी परत उकळतं, असा मोठा प्रयोग पण असतो, तो फक्त गोल तळाच्या जाड चंबूत, सपाट तळाचा बाहेरच्या दाबाने आत फुटू शकतो.

मीठ आणि बर्फ: तीन भाग बारीक बर्फ, एक भाग मीठ, पत्र्याच्या डब्यात ढवळा. तापमान उणे १५ च्या खाली सहज जातं, उणे २१ ही या मिश्रणाची मर्यादा, म्हणून उणे १० वाला थर्मामीटर इथे कमी पडतो, उणे ३० पर्यंतचा घ्या. डब्याच्या बाहेर आधी ओल दिसते आणि मग पांढरा खरखरीत थर, हवेतलं बाष्प थेट बर्फ होतं. त्या डब्याला ओला हात लावू देऊ नका, चिकटतो आणि कातडी भाजल्यासारखी होते.

कापराचं संप्लवन, म्हणजे न वितळता थेट वायू होणं, सगळ्यांना माहीतच आहे, बशीत कापूर, वर उलटं नरसाळं, तोंडात कापूस. ज्योतीऐवजी बशी गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवा, कापूर पटकन पेट घेतो. आयोडीन मात्र वितळतच नाही असं जे लिहिलं जातं ते चूक आहे, ते ११४ अंशांच्या आसपास वितळतं, फक्त त्याच्या आधीच भरपूर वाफ होत असते म्हणून लक्षात येत नाही.

अभिसरण, म्हणजे तापलेलं पाणी वर आणि गार खाली असं फिरणं, दाखवायला पोटॅशियम परमँगनेटचा एकच खडा बीकरच्या तळाशी एका कडेला काचनळीतून सोडा आणि बरोबर त्याच्याखाली बारीक ज्योत द्या, जांभळी दोरी वर चढते, पृष्ठभागावर पसरते, दुसऱ्या बाजूने उतरते. मूठभर टाकलंत तर सगळंच जांभळं होतं आणि काही दिसत नाही.

आवरताना मेण आणि स्टिअरिक अॅसिड बेसिनमध्ये ओतू नका, गोठून पाइप बंद होतो. वितळलेलं असतानाच जुन्या कागदाच्या कपात ओता, गोठलं की पुढच्या वर्गाला तेच वापरता येतं. नळ्या गरम पाण्यात ठेवून कागदाने पुसा. आणि थर्मामीटर परत ठेवण्याआधी चिकटपट्टीवरचे आकडे पुसले गेले नाहीत ना, ते बघा.